रिचर्ड डॉयली कार्ट

रिचर्ड डॉयली कार्ट (३ मे १८४४ – ३ एप्रिल १९०१) हे इंग्लंडमधील नाट्यनिर्माते, नाट्यगृहाचे मालक व हॉटेल व्यावसायिक होते. नाटककार डब्ल्यू. एस. गिल्बर्ट आणि संगीतकार आर्थर सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिका त्यांनी रंगभूमीवर आणल्या. त्यांच्या नावाची डॉयली कार्ट ऑपेरा कंपनी १९८२ पर्यंत या संगीतिकांचे प्रयोग करीत होती.

पूर्वायुष्य

कार्ट यांचा जन्म लंडनच्या सोहो भागात झाला. वडील बासरीवादक असून वाद्यनिर्मितीच्या व्यवसायात भागीदार होते. शिक्षण अर्धवट सोडून कार्ट १८६१ मध्ये त्याच व्यवसायात शिरले. त्यांनी काही गीते व लहान संगीतिका रचल्या. पुढे त्यांनी कलावंत व व्याख्याते यांचे कार्यक्रम ठरवून देणारी संस्था काढली.

गिल्बर्ट आणि सलिव्हन

त्या काळी लंडनमध्ये फ्रेंच संगीतिकांच्या रूपांतरांचा बोलबाला होता. सहकुटुंब पाहता येईल अशी अस्सल इंग्रजी संगीतिका उभी करावी, हे कार्ट यांचे ध्येय होते. १८७५ मध्ये रॉयल्टी थिएटरचे व्यवस्थापक असताना मुख्य खेळाला जोड म्हणून त्यांना एक छोटी संगीतिका हवी होती. गिल्बर्ट यांच्या संहितेला सलिव्हन यांनी संगीत द्यावे असे त्यांनी सुचवले आणि ‘ट्रायल बाय ज्युरी’ रंगभूमीवर आली. त्यानंतर भांडवलदारांना एकत्र करून त्यांनी कंपनी काढली. ‘एच.एम.एस. पिनाफोर’ (१८७८) विलक्षण गाजली. परंतु नफ्यावरून भांडवलदारांशी तंटा झाला. जुलै १८७९ च्या अखेरीस त्यांच्या माणसांनी प्रयोग चालू असतानाच नेपथ्य उचलून नेण्याचा प्रयत्न केला. रंगमंचावरील कामगारांनी तो हाणून पाडला. पुढे कार्ट, गिल्बर्ट व सलिव्हन हे तिघेच समान भागीदार झाले.

अमेरिकेत ‘पिनाफोर’चे अनेक प्रयोग परवानगीवाचून होत व त्यांचे मानधन कर्त्यांना मिळत नसे. म्हणून ‘द पायरेट्स ऑफ पेन्झन्स’चा पहिला मोठा प्रयोग ३१ डिसेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्कमध्येच केला गेला. ब्रिटनमधील स्वामित्वहक्क सुरक्षित राहावा यासाठी आदल्याच दिवशी कार्ट यांच्या फिरत्या मंडळीने पेंटन या इंग्लंडमधील लहानशा गावी एक प्रयोग उरकून घेतला होता.

सव्हॉय थिएटर

१० ऑक्टोबर १८८१ रोजी कार्ट यांनी लंडनमध्ये सव्हॉय थिएटर सुरू केले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही जगातील पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. प्रेक्षकांची भीती घालवण्यासाठी कार्ट यांनी रंगमंचावर पेटता दिवा फोडून दाखवला. येथे ‘द मिकाडो’चे (१८८५) ६७२ प्रयोग झाले. याच काळात त्यांच्या फिरत्या मंडळ्या गावोगावी प्रयोग करीत. या व्यवस्थेचा मोठा भार त्यांच्या सहकारी हेलन लेनॉर यांनी उचलला; १८८८ मध्ये दोघांचा विवाह झाला. नफ्यातून उभारलेले सव्हॉय हॉटेल १८८९ मध्ये उघडले.

गालिच्याचा तंटा आणि अखेर

नाट्यगृहातील नव्या गालिच्याचा खर्च भागीदारीच्या हिशेबात धरल्यावरून १८९० मध्ये गिल्बर्ट यांनी कार्ट यांच्याशी वाद घातला. प्रकरण न्यायालयात गेले. सलिव्हन यांनी कार्ट यांची बाजू घेतल्याने दोन्ही कलावंतांत दुरावा आला. रक्कम तुलनेने किरकोळ होती, पण हिशेबावरचा विश्वास उडाला. पुढे समेट होऊन दोन संगीतिका आल्या. त्यांना पूर्वीसारखे यश लाभले नाही. १८९१ मध्ये कार्ट यांनी गंभीर इंग्रजी संगीतिकांसाठी रॉयल इंग्लिश ऑपेरा हाऊस बांधले. सलिव्हन यांच्या ‘आयव्हनहो’नंतर तेथे तोडीची दुसरी इंग्रजी कृती तयार नव्हती. अखेर ती वास्तू विकावी लागली.

सलिव्हन यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच कार्ट यांचे लंडन येथे निधन झाले. कंपनीचा कारभार प्रथम हेलन यांनी, पुढे मुलगा रुपर्ट व नात ब्रिजेट यांनी सांभाळला.