जिवंत मंदिराची साक्ष : रेव्हरंड टिळक आणि खानदेशचा कवी

पवित्र आत्मा ज्याच्या अंतःकरणात वास करतो तो माणूस स्वतःच देवाचे मंदिर होय, अशी संत पौलाची शिकवण आहे. या शिकवणीचे मनन करताना आम्हाला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण होते. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असले, तरी त्यांची भक्तिगीते आपल्याही मंदिरांत गायिली जातात.

कोकणातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचीही ताटातूट झाली. टिळकांनी आपली श्रद्धा त्यांच्यावर लादली नाही. काही वर्षांनी त्या परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या प्रतीतीने ख्रिस्ती झाल्या.

१९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या तरुणाने तेथे आपली कविता गायिली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी मात्र त्याला आपले घर दिले. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) त्या ख्रिस्ती घरात लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर मायेची पाखर घातली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या आठवणी आहेत. ठोमरे हिंदूच राहिले. त्या प्रेमाला कोणतीही अट नव्हती.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. ५ मे १९१८ रोजी बालकवी जळगावजवळील भादली येथे रेल्वेखाली सापडून निवर्तले. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही प्रभूच्या घरी गेले.

जळगाव-धुळे परिसरात आपण संख्येने अल्प आहोत. आपल्या गल्लीतील अनेक शेजारी चर्चची पायरी कधीच चढणार नाहीत. ख्रिस्ताची ओळख त्यांना आपल्या उंबरठ्यावरच होईल. टिळकांचा उंबरठा एका परक्या मुलासाठी उघडा होता. आपला कोणासाठी उघडा आहे, असा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो आणि मग, प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापुढे ठेवतो.