रॉबर्ट बुन्सेन

प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यास बुन्सेनच्या दिव्याची ओळख लवकरच होते. खाली जड बैठक, तीवर उभी धातूची नळी, नळीच्या तळाशी हवेसाठी भोक आणि ते झाकणारी फिरती कडी. एवढाच काय तो सरंजाम. परंतु ज्याचे नाव आपण या दिव्यामुळे नित्य उच्चारतो, तो बुन्सेन कोण होता, हे ठाऊक नसलेले पुष्कळजण आम्ही पाहिले आहेत. यास्तव त्याचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन याचा जन्म १८११ साली जर्मनीतील गटिंगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. वडील त्याच विद्यापीठात ग्रंथपाल व अध्यापक असल्याने घरात विद्येचे वातावरण होते. १८३१ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढे गटिंगेन येथेच अध्यापन करीत असता त्याने बेर्टहोल्ड नामक वैद्याच्या सहकार्याने १८३४ साली एक महत्त्वाचा शोध लावला. सोमलाची विषबाधा झालेल्या मनुष्यास लोहाचे ताजे, पाणीमिश्रित ऑक्साइड पाजले असता ते सोमलास बांधून टाकते व विष अंगात भिनू देत नाही, असे त्याला आढळले. सोमलावर उतारा शोधणाऱ्या या तरुणास पुढे त्याच सोमलाने मृत्यूच्या दारापर्यंत न्यावे, हा दैवाचा विचित्र खेळच म्हटला पाहिजे.

१८३६ साली तो कासेल येथे व १८३९ साली मारबुर्ग येथे अध्यापक झाला. १८३७ ते १८४२ या काळात त्याने कॅकोडिल नावाच्या सोमलयुक्त सेंद्रिय पदार्थांचा अभ्यास केला. हे पदार्थ म्हणजे साक्षात काळ. त्यांचा लसणासारखा उग्र दर्प नाकात शिरताच हातापायांना मुंग्या येत, भोवळ येई, जिभेवर काळा थर चढे. त्यांपैकी काही तर हवा लागताच पेट घेत. बुन्सेनला याची पुरी जाणीव होती. सर्वांत घातक प्रयोग तो उघड्यावर करी आणि तेथेही विषारी वाफ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून एका लांब काचेच्या नळीतून दूरची शुद्ध हवा ओढून घेई.

इतकी दक्षता घेऊनही एके दिवशी कॅकोडिल सायनाइडचा स्फोट झालाच. काचेची कपची उजव्या डोळ्यात घुसली व त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. अंगात भिनलेल्या सोमलामुळे तो जगतो की मरतो अशी अवस्था झाली.

या अपघाताची कथा सांगताना पुष्कळजण बुन्सेनला बेपर्वा ठरवून मोकळे होतात. आम्हांस ते मान्य नाही. त्याने शत्रू ओळखला होता व त्याची वाट अडवून धरली होती. पण शत्रू दुसऱ्या वाटेने आला. विष नाकावाटे येईल म्हणून नळी लावली आणि काच डोळ्यावाटे आली. आपल्या शाळेतील प्रयोगशाळेत कॅकोडिल नाही, हे खरे. परंतु परीक्षानळी तापवीत असता तिचे तोंड शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळले, किंवा तीव्र गंधकाम्लात पाणी ओतले, तर उसळून अंगावर येणारा द्रव डोळा कोणाचा आहे हे पाहत नाही. आम्ल पाण्यात हळूहळू सोडावयाचे असते, पाणी आम्लात नव्हे. कारण आम्लात पडलेले थोडे पाणी क्षणात उकळून आम्लासह बाहेर फेकले जाते.

बरा झाल्यावर बुन्सेनने ते संशोधन तडीस नेले, मात्र पुढे सेंद्रिय रसायनाकडून तो वळला तो वळलाच. १८४१ साली त्याने कोळसा व जस्त यांची विद्युतघटमाला तयार केली. १८४६ साली तो आइसलंडला गेला व तेथील उष्ण पाण्याच्या कारंज्यांत, ती उसळण्याच्या बेतात असता, उष्णतामापक सोडून त्याने तापमान मोजले. धोक्यापासून दूर राहणे हा त्याचा स्वभावच नव्हता!

१८५२ साली तो हायडेलबर्ग येथे आला. तेथील नव्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास दगडी कोळशाचा वायू नळांतून आला. पण तो जाळला की ज्योत पिवळी व काजळी धरणारी होई. वायू जळण्यापूर्वीच त्यात हवा मिसळावी, ही कल्पना बुन्सेनची; ती प्रत्यक्षात उतरविणारा विद्यापीठाचा कुशल यंत्रकार पेटर डेसागा. त्याचे नाव मागे पडले, याचे आम्हांस वाईट वाटते. दिव्याचे एकस्वही बुन्सेनने घेतले नाही.

हा दिवा पेटविण्याची रीत त्याच्या रचनेतूनच निघते. आधी हवेचे भोक बंद करावे, काडी पेटवून मग वायू सोडावा, पिवळी ज्योत स्थिर झाल्यावर कडी फिरवून हवा आत घ्यावी. वायू कमी व हवा फार झाली तर ज्योत नळीत उतरून तळाशी जळू लागते व नळी तापते. अशा वेळी नळीस हात न लावता वायू बंद करावा आणि ती निवल्यावर पुन्हा आरंभ करावा. बुन्सेन स्वतः तापलेली मूस बोटांनी उचलीत असे, अशी त्याची ख्याती होती. काचकामाने त्याची बोटे निबर झाली होती. विद्यार्थ्यांनी त्याचे एवढे अनुकरण मात्र करू नये!

या दिव्याच्या रंगहीन ज्योतीत क्षार धरला की त्याचा स्वतःचा रंग स्वच्छ दिसे. तो प्रकाश लोलकातून पाहून बुन्सेन व किर्खोफ यांनी १८५९ च्या सुमारास वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत सिद्ध केली. १८६० साली ड्युर्कहाइम येथील खनिज पाण्यात त्यांना दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ते नवे मूलद्रव्य सीझियम. त्याचे क्षार हाती यावेत म्हणून ४० टनांहून अधिक पाणी आटवावे लागले. पुढल्याच वर्षी रुबिडियम सापडले. हे सारे एका डोळ्याने.

आणि तोही डोळा १८६९ साली जाता जाता वाचला. प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंची भुकटी त्याने डाव्या हाताच्या बोटाने चाचपली मात्र, तोच ती भडकली. हात चेहऱ्यापुढे असल्याने ज्वाला बोटांच्या फटींतून आल्या. भुवया व पापण्या होरपळल्या, डोळा शाबूत राहिला. त्या वेळी बुन्सेन ५८ वर्षांचा होता.

१८८९ साली तो निवृत्त झाला. त्याने विवाह केला नव्हता. शेवटची वर्षे त्याने भूगर्भशास्त्राच्या व्यासंगात हायडेलबर्ग येथेच घालविली व १६ ऑगस्ट १८९९ रोजी तेथेच देह ठेविला. त्या नगरात आज त्याचा पुतळा उभा आहे.