पक्ष्यांच्या वाटेने गेलेले सलीम अली

गुंजीच्या रानात धनेश ओरडला की आम्हाला डॉ. सलीम अली आठवतात. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

पण पोटाचा प्रश्न होताच. कॉलेज अर्धवट राहिले, ब्रह्मदेशातला भावाबरोबरचा धंदा जमला नाही. परतल्यावर आमच्यासारखेच ते हिशेबशास्त्र शिकले, जोडीला प्राणिशास्त्रही. बर्लिनला शिकून १९३० मध्ये आले, तर संग्रहालयातली जागाच रद्द झालेली. तेव्हा पत्नी तेहमिनांसह अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले. भरतपूरचे पाणथळ आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी ते झटले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आम्ही जन्मभर बँकेत खाती सांभाळली आणि मुलांनाही तीच वाट दाखवली. आता नातवंडांपैकी कोणी पक्ष्यांमागे रमले, तर पगार किती हे विचारण्याआधी कोणता पक्षी दिसला, हे विचारूया.