अदृश्याचे मोजमाप : डॉ. पॉल एर्लिख

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील आईबापांना ज्या रोगाच्या नुसत्या नावाने धडकी भरे, तो रोग म्हणजे घटसर्प. काल-परवापर्यंत अंगणात बागडणाऱ्या मुलाचा घसा दुखू लागे, घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरे, श्वास कोंडू लागे, आणि वैद्य उशाशी बसलेला असतानाच मूल हातचे जाई. ह्या रोगाचे जंतू घशातच ठाण मांडून बसत. परंतु त्यांनी निर्माण केलेले विष रक्तावाटे सर्व शरीरात पसरून थेट हृदयावर घाला घाली. १८९० साली बर्लिन येथे एमिल बेरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी शिबासाबुरो कितासातो यांनी एक आश्चर्यकारक गोष्ट सिद्ध केली. जंतूंचे विष थोड्या थोड्या प्रमाणात दिल्यास प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो, आणि त्या रक्तातील पातळ रस, म्हणजेच सीरम, दुसऱ्या प्राण्याला टोचल्यास त्याचाही जीव वाचतो, असे त्यांना आढळून आले. जगाला आशेचा किरण दिसला. पण हा उतारा डोळ्यांना दिसत नसे. त्याला ना रंग होता, ना वास. एका बाटलीत तो विपुल असे, तर दुसरीत नाममात्र. आणि दोन्ही बाटल्या दिसावयास सारख्याच! मुलाचा जीव वाचवावयास हे औषध पुरेसे आहे की नाही, हे सांगणार कोण? ते सांगण्याची रीत ज्यांनी शोधून काढली, ते शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पॉल एर्लिख होत.

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशिया प्रांतातील श्ट्रेलेन ह्या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. शाळेत पॉलची गणना फार हुशार मुलांत होत असे, असे नाही. त्याच्या मनाला ओढ लागली ती रंगांची. कार्ल वायगर्ट नावाचा त्याचा एक वडीलधारा मावस-मामेभाऊ वैद्यकाचा अभ्यासक होता. डांबरापासून तयार होणारे नवे कृत्रिम रंग शरीराच्या पातळ कापांवर घातले म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा उठून दिसतात, हे त्याने पॉलला दाखविले. पॉलला त्याचे वेडच लागले. पुढे वैद्यकाचा विद्यार्थी झाल्यावर त्याचे टेबल, बोटे आणि कपडे सदा नाना रंगांनी माखलेले असत.

ह्या रंगांच्या खेळातून एक गंभीर प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. एक रंग एकाच प्रकारच्या पेशीला का धरतो? शेजारच्या पेशीला तो स्पर्शही का करीत नाही? प्रत्येक द्रव्याची विशिष्ट द्रव्याशीच गाठ पडते, असा काही नियम शरीरात असला पाहिजे, असे त्याला वाटू लागले. १८७८ साली लाइपझिग येथे त्याने वैद्यकाची पदवी घेतली, ती रंगांविषयीच्या प्रबंधावरच. नंतर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काम करीत असताना एर्लिख यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार रंगांच्या साह्याने वेगळे करून दाखविले.

२४ मार्च १८८२ रोजी रोबर्ट कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या सभेत तरुण एर्लिख उपस्थित होते. त्यांनी लगेच हा जंतू रंगविण्याची अधिक चांगली रीत शोधून काढली. दैवाची गती अशी, की काही वर्षांनी त्याच रीतीने स्वतःची थुंकी तपासली असता तीत त्यांना क्षयाचे जंतू आढळले! १८८८ साली हवापालटासाठी ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. आता त्यांच्यापाशी नोकरी नव्हती. पण हात जोडून बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी स्वतःची एक छोटी प्रयोगशाळा थाटली. पुढे कॉख यांनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावून घेतले.

येथे त्यांनी जे प्रयोग केले, ते वरवर पाहता अगदी साधे होते. एरंडाच्या बियांत रिसिन नावाचे जहाल विष असते, आणि गुंजेच्या बियांत अॅब्रिन नावाचे. ज्या गुंजेने आपल्याकडील सोनारांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा असा हिशेब ठेवला, तीच ही लाल-काळी गुंज. एर्लिख यांनी उंदरांना बिस्किटाच्या तुकड्यांतून रिसिनची अगदी अल्प मात्रा देण्यास प्रारंभ केला आणि ती क्रमाक्रमाने वाढवीत नेली. आरंभीचे काही दिवस काहीच फरक दिसेना. नंतर मात्र उंदरांच्या अंगी एकाएकी प्रतिकाराची शक्ती उत्पन्न झाली आणि ती वाढतच गेली. काही आठवड्यांनी हे उंदीर मूळच्या मारक मात्रेच्या शेकडो पट विष सहज सोसू लागले. मात्र रिसिन पचविणारा उंदीर अॅब्रिनने मरे! म्हणजे रक्तात उत्पन्न होणारा प्रतिपिंड एकाच शत्रूला ओळखत होता. उंदीर जगला की मेला, एवढेच पाहून एर्लिख थांबले नाहीत. कोणत्या दिवशी, किती पट विष, किती वजनाच्या उंदराने सोसले, ह्याची त्यांनी काटेकोर नोंद ठेवली. गुंजेने सोने मोजावे, तशी गुंजेच्या विषाने त्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची शक्ती मोजली.

ह्याच मोजणीतून आणखी एक कोडे उलगडले. प्रतिकारशक्ती आलेल्या मादीची पिले जन्मतःच काही काळ सुरक्षित असत. पण ती शक्ती केवळ नराकडे असल्यास पिलांना तिचा काहीच लाभ होत नसे. मग एर्लिख यांनी पिलांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिले प्रतिकारशक्ती असलेल्या मादीच्या दुधावर वाढविली, तेव्हा त्या पिलांनाही संरक्षण मिळाले. आईच्या दुधातून प्रतिपिंड पिलांच्या अंगी उतरतात, हे सिद्ध झाले. मात्र ही उसनी शक्ती काही आठवड्यांत ओसरते. स्वतःच्या शरीराने निर्माण केलेली शक्ती अधिक काळ टिकते. उसनी आणि स्वतः कमावलेली प्रतिकारशक्ती यांतील हा भेद आजही वैद्यकात मूलभूत मानला जातो.

आता एर्लिख घटसर्पाच्या प्रश्नाकडे वळले. बेरिंग यांचे सीरम आरंभी फार दुर्बल होते. प्राण्यांना विषाची मात्रा कशी वाढवावी आणि सीरमचे बळ कसे पारखावे, हे एर्लिख यांनी दाखवून दिले, तेव्हा कुठे ते रोग्यांना देण्याजोगे झाले. १८९४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील रुग्णालयांत २२० मुलांवर ह्या सीरमने झालेल्या उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रोगाच्या पहिल्या दोन दिवसांत ज्यांना सीरम मिळाले, त्यांतील जवळजवळ सर्व मुले वाचली. जसजसा उशीर, तसतसे यश कमी. त्याच वर्षी सीरम बाजारात आले.

तथापि एक मोठी अडचण उरली होती. बाटलीतील बळ मोजावयाचे कशाने? प्रथम असे ठरले की, २५० ग्रॅम वजनाचा गिनिपिग सुमारे चार दिवसांत दगावेल, एवढे विष म्हणजे एक मारक मात्रा समजावी. आणि अशा १०० मात्रांना निष्प्रभ करील, एवढे प्रतिविष म्हणजे एक एकक. परंतु साठवून ठेवलेल्या विषाचे बळ दिवसेंदिवस घटत जाई. प्रतिविषाशी जोडले जाण्याची त्याची शक्ती कायम राही, पण मारण्याची शक्ती कमी होई. गजच आखडू लागला, तर कापड मोजावयाचे कशाने? एर्लिख यांनी ह्यावर नामी तोड काढली. विषाऐवजी त्यांनी प्रतिविषालाच प्रमाण मानले. त्यांनी एक उत्तम सीरम वाळवून त्याची भुकटी केली, ती निर्वात काचनळ्यांत भरली आणि उजेड, ओल व उष्णता यांपासून दूर ठेवली. ह्या न बदलणाऱ्या मापाशी ताडून पाहिल्यावाचून कोणत्याही नव्या सीरमचे बळ निश्चित मानावयाचे नाही, असा दंडक त्यांनी घातला. १८९७ साली ही पद्धत त्यांनी सविस्तर प्रसिद्ध केली. पुढे १९२२ साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने घटसर्पाच्या प्रतिविषाचे जे आंतरराष्ट्रीय माप ठरले, त्याचा आधार एर्लिख यांचे एककच होते.

हे काम ज्या वास्तूत झाले, ती मात्र अगदी सामान्य होती. १८९६ साली बर्लिनजवळ श्टेग्लिट्स येथे सीरमच्या संशोधनासाठी व तपासणीसाठी एर्लिख यांच्या हाती एक छोटी संस्था सोपविण्यात आली. तिच्या इमारतीत पूर्वी भट्टी होती आणि शेजारी घोड्यांचा तबेला! एर्लिख यांना त्याची खंत नव्हती. घटसर्पाच्या सीरमने बेरिंग यांना अपार कीर्ती व संपत्ती मिळाली. वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिकही १९०१ साली त्यांना एकट्यालाच मिळाले. ह्या व्यवहारात आपल्यावर अन्याय झाला, असे एर्लिख यांना वाटे व त्यामुळे दोघांच्या मैत्रीत अंतर पडले. पण तो सल उराशी धरून त्यांनी आपले काम थांबविले नाही. १८९९ साली संस्था फ्रँकफुर्टला हलविण्यात आली. तेथे त्यांची खोली पुस्तकांच्या आणि कागदांच्या ढिगांनी इतकी भरून जाई की, पाहुण्यास बसावयास खुर्ची सापडत नसे. ओठांत सिगार, हाती रंगीत पेन्सिली, आणि प्रत्येक सहकाऱ्यासाठी रोज सकाळी लिहिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या, अशी त्यांची मूर्ती असे.

प्रतिपिंड निर्माण कसे होतात, ह्याचेही उत्तर देण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पेशीच्या अंगावर विशिष्ट आकाराचे ग्राहक असतात; कुलपात किल्ली बसावी, तसे विष त्यांत अडकते; मग पेशी तसे ग्राहक गरजेपेक्षा अधिक तयार करते आणि जास्तीचे रक्तात सोडून देते, अशी त्यांची उपपत्ती होती. तिचा काही भाग पुढील संशोधनाने दुरुस्त केला. प्रतिपिंड ही रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींची निर्मिती आहे, हे आज आपण जाणतो. पण कुलूप-किल्लीसारख्या जोडीची त्यांची मूळ कल्पना टिकून राहिली. रोगप्रतिकारशक्तीवरील ह्या कार्याबद्दल १९०८ साली एर्लिख आणि एली मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

रक्तातील प्रतिपिंडांवरून रोग ओळखण्याचे शास्त्रही ह्याच काळात उदयास आले. १८९६ साली पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांना आढळले की, विषमज्वराच्या रोग्याचे सीरम त्या रोगाच्या जंतूंत मिसळले असता जंतूंच्या गुठळ्या होतात. आपल्याकडेही डॉक्टर ज्या तपासणीचे नाव घेत आले, ती विडाल तपासणी हीच. तीत सीरम २० पट, ४० पट, ८० पट, १६० पट असे पातळ करीत जातात. ज्या पायरीपर्यंत गुठळ्या दिसतात, तेच प्रतिपिंडांचे माप. परंतु एकाच आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण पूर्वीच्या आजाराचे अथवा लसीचे प्रतिपिंडही रक्तात रेंगाळत असतात. एक-दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत माप चौपट वाढले, तर शरीर सध्याच शत्रूशी झुंजत आहे, असे खात्रीने म्हणता येते. १९०६ साली एर्लिख यांचे पूर्वीचे सहकारी आउगुस्ट वासरमन यांनी, एर्लिख यांचे शाळासोबती आल्बर्ट नायसर यांच्यासमवेत, उपदंश ह्या छुप्या रोगाची रक्ततपासणी सिद्ध केली. १९०९ साली एर्लिख व साहाचिरो हाता यांनी त्याच रोगावर ६०६ क्रमांकाचे रासायनिक औषध शोधून काढले, आणि असंख्य रुग्णांना जीवदान मिळाले.

अविश्रांत श्रमांनी खंगलेल्या एर्लिख यांचे २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी निधन झाले. पुढे हिटलरच्या राजवटीत केवळ ते ज्यू होते म्हणून त्यांचे नाव रस्त्याच्या पाटीवरून पुसण्यात आले, आणि त्यांच्या वृद्ध पत्नीला देश सोडावा लागला. परंतु पाटी पुसता आली, तरी कार्य पुसता येत नाही. महायुद्धानंतर त्यांचे नाव त्यांच्या संस्थेलाच देण्यात आले, आणि लसी व सीरम पारखण्याचे काम ती आजही करीत आहे.

जुलै २०२० मध्ये करोनाच्या साथीत मुंबईच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले गेले, तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात त्या रोगाचे प्रतिपिंड आढळले. रोगाने कोणते घर किती गाठले, हे रोग्यांच्या यादीवरून कळले नसते. ते रक्तानेच सांगितले. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीविषयीही केवळ आहे की नाही, एवढे विचारून न थांबता ती किती आहे, असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत धीर सोडू नये, हाच डॉ. एर्लिख यांच्या जीवनाचा धडा आहे. औषधाचे खरे मोल त्याच्या नावात नसून त्याच्या खात्रीत असते. आणि ती खात्री त्यांनी जगातील लक्षावधी मुलांच्या उशाशी नेऊन ठेवली.