पंडिता रमाबाईंचा दुहेरी लढा

पंडिता रमाबाईंचे नाव मराठी वाचकांना नवे नाही. पण त्या ख्रिस्ती झाल्या, एवढे सांगून पुष्कळदा विषय मिटवला जातो. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी पाद्री आणि बिशप यांच्यापुढे मान तुकवली नाही, ही हकीकत मात्र क्वचितच सांगण्यात येते. आज आम्ही वाचकांपुढे तीच ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रिवाज मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढे जाबही दिला. रमाबाई आईजवळच शिकल्या. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण नेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले.

१८७८ मध्ये दोघे भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तेथील विद्वानांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण पदव्या मिळाल्या त्याच काळात धर्मशास्त्र वाचताना त्यांचे मन खट्टू झाले. इतर बाबतीत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीला कमी लेखण्यात मात्र एकमत आहेत, असे त्यांना दिसून आले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८२ मध्ये पटकीने तेही गेले, आणि मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि सरकारी हंटर कमिशनपुढे मुलींसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. पुस्तकाच्या विक्रीच्या पैशावर १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी लंडनमध्ये मायेने सांभाळीत, ते रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर केलेले संभाषण वाचले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आता खरा सामना सुरू झाला. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही. मुलग्यांना त्यांनी शिकवावे असे निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची अब्रू जाईल, असा त्यांचा पवित्रा होता. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे व्याख्याने दिली, तिला हे सांगणे! रमाबाई खवळल्या. आपल्या देशात काय चालते हे आपल्याला कळते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. त्यात त्रैक्याच्या सिद्धान्तापासून गळ्यातल्या क्रूसावरील अक्षरांपर्यंत सगळ्यावर वाद आहे. क्रूसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, हा त्यांचा सवाल. अंडे घातलेला पदार्थ खायचा नाही, हाही हट्ट. आम्हांला ही बारीकसारीक भांडणे वाटत नाहीत. धर्म स्वीकारला म्हणून विवेकबुद्धी गहाण टाकायची नाही, हा मुद्दा त्यांनी ताटापर्यंत नेला होता.

१८८६ मध्ये दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. हिंदू विधवांविषयी त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि बॉस्टनच्या लोकांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, व पुढील वर्षी ते पुण्यास हलले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. सदनात मुलींना आपापले सोवळे पाळण्याची मोकळीक होती. मात्र रमाबाई प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार लावीत नसत. काही मुली आत येऊन बसू लागल्या, तसे १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या मित्रांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला हे खरे, त्यामुळे पालकांची शंका अगदीच पोकळ नव्हती. पण ज्या घरात त्या मुली परत गेल्या, तेथे त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते, याची चौकशी किती जणांनी केली?

रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळे बायकाच चालवीत. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवी.

शेवटचे मोठे काम बायबलचे. मराठी भाषांतर होतेच, पण ते खेड्यातल्या बाईला जड जाई. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सारा ग्रंथ नव्याने उतरवला. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या केडगावच्या मुलीच होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. आईने काम थांबवले नाही. मुद्रिते तपासून झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावीच देहावसान झाले. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.