कण्यातील सुई आणि डॉक्टर आउगुस्ट बीर

पाठीच्या कण्यात सुई टोचून कमरेखालचे अंग बधिर करतात आणि मग शस्त्रक्रिया करतात, ही गोष्ट आज घरोघरी ठाऊक आहे. पोट चिरून झालेल्या बाळंतपणानंतर त्या सुईच्या नावाने कुरकुर करणाऱ्या माताभगिनीही पुष्कळ. त्यांची कुरकुर अगदीच निराधार नाही. ज्या पुरुषाने ही सुई प्रथम यशस्वीपणे वापरली, त्यानेच तिचा त्रास आपल्या देहावर भोगला आणि जगाला सांगितला. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

आउगुस्ट बीर यांचा जन्म जर्मनीतील वाल्डेक प्रांतात हेल्झेन या गावी २४ नोव्हेंबर १८६१ रोजी झाला. बर्लिन, लाइपझिग व कील येथे वैद्यकाचे अध्ययन करून ते कीलच्या विद्यापीठातच प्रख्यात शल्यविशारद एस्मार्ख यांच्या हाताखाली काम करू लागले.

त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला क्लोरोफॉर्म किंवा ईथर हुंगवीत. त्याने रुग्ण बेशुद्ध होई खरा. परंतु क्वचित तो पुन्हा शुद्धीवर येतच नसे. १८८४ साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले होते. १८९१ साली कीलमध्येच क्विंके या वैद्यांनी कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मेरुरज्जूभोवतीचे पाणी काढण्याची रीत प्रचारात आणली होती. बीर यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे याच पाण्यात बुडालेली असतात. तेव्हा तेथे थोडे कोकेन सोडले, तर रुग्ण जागा असूनही वेदना मेंदूपर्यंत पोहोचणार नाही, असा त्यांचा तर्क होता.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी एक ३४ वर्षांचा मजूर त्यांच्यासमोर आला. त्याच्या घोट्याचा सांधा क्षयाने सडला होता आणि पूर्वीच्या अनुभवामुळे त्याला बेशुद्धीची धास्ती वाटत होती. बीर यांनी त्याच्या कण्यात १५ मिलिग्रॅम कोकेन सोडले. शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पडली. मात्र नंतर त्याला उलट्या झाल्या आणि डोके भयंकर दुखू लागले. एकंदर सहा रुग्णांवर त्यांनी ही रीत वापरली. भूल उत्तम लागे, पण मागाहून हा त्रास काहींच्या वाट्याला येई.

हा त्रास औषधाचा की टोचण्याचा? दुसऱ्या एखाद्याने आणखी रुग्ण टोचून पाहिले असते. बीर यांनी २४ ऑगस्टला आपले साहाय्यक हिल्डेब्रांट यांना स्वतःच्याच पाठीत सुई घालण्यास सांगितले. सुई नीट बसली. परंतु पिचकारीचे तोंड तिला जुळेना. त्या खटाटोपात पुष्कळसे मेरुजल वाहून गेले, कोकेनही सांडले आणि प्रयोग फसला. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाले. बीर यांनी त्यांच्या कण्यात अवघे ५ मिलिग्रॅम कोकेन सोडले. काही मिनिटांतच पाय बधिर झाले. मग सुया टोचून पाहिल्या, जळती सिगार टेकवून पाहिली, नडगीवर लोखंडी हातोडीचा घाव घातला, तरी गृहस्थ स्वस्थ! सुमारे ४५ मिनिटांनी संवेदना परतली. त्या रात्री दोघांनी मद्य व सिगार यांसह आनंद साजरा केला.

दुसऱ्या दिवशी त्याचे मोल द्यावे लागले. हिल्डेब्रांट यांच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. शिवाय डोकेदुखी आणि उलट्या होत्याच. बीर यांना उभे राहवेना. उठले की डोके फुटेल असे वाटे. आडवे झाले की दुखणे नाहीसे होई. नऊ दिवस त्यांनी अंथरुणावर काढले. त्यांना स्वतःला औषध जवळजवळ मिळालेच नव्हते, पाणी मात्र पुष्कळ गेले होते. यावरून दोष वाहून गेलेल्या पाण्याचा आहे, हे त्यांनी ओळखले. हे निदान बरोबर होते. मेंदू त्या पाण्यात तरंगत असतो. आवरणाला पडलेल्या छिद्रातून ते झिरपले की उठताच मेंदू खाली ओढला जातो आणि त्याभोवतीचे संवेदनाशील पडदे ताणले जातात.

१८९९ साली बीर यांनी यशाबरोबर हे सारे हालही छापून प्रसिद्ध केले आणि माणसांवर आणखी प्रयोग करणे आपण तूर्त योग्य समजत नाही असे कळवले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील थोर क्षण हाच. पॅरिसच्या त्युफिए आदी शल्यवैद्यांनी ती रीत पुढे नेली. हिल्डेब्रांट यांच्याशी मात्र त्यांचे पुढे वितुष्ट आले.

बीर पुढे ग्राइफ्सवाल्ड, बॉन आणि १९०७ पासून बर्लिन येथे प्राध्यापक झाले. हाताला घट्ट पट्टा बांधून शिरेतून औषध सोडण्याची त्यांची १९०८ सालची रीत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांसाठी पोलादी शिरस्त्राण घडवण्यात त्यांचा हात होता. १९३७ साली हिटलरच्या राजवटीचा पुरस्कार त्यांनी स्वीकारला, हेही नमूद केले पाहिजे. उतारवयात झाउएन येथील आपल्या मालकीच्या रानात नाना जातींची झाडे लावण्यात ते रमले. तेथेच १२ मार्च १९४९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच, १९४७ साली, इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे कण्यातील भुलीनंतर दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले. औषधात किंवा उपकरणांत शिरलेले दूषित रसायन त्याला कारण असावे. त्या घटनेने इंग्लंडात ही रीत कित्येक वर्षे मागे पडली. असे अपघात आज अत्यंत विरळ आहेत. डोकेदुखीवर तर उपायच सापडला. सुया बारीक झाल्या. त्यांचे टोक पेन्सिलीसारखे केले, म्हणजे आवरणाचे धागे कापले न जाता बाजूस सरतात. आणि १९६० साली अमेरिकेतील गॉर्मली यांनी रुग्णाचेच थोडे रक्त त्या छिद्रापाशी सोडून ते बुजवण्याची युक्ती काढली. बीर यांना जी डोकेदुखी नऊ दिवस छळत राहिली, ती या उपायाने पुष्कळदा काही तासांतच उतरते.