शेवाळाचे खरे गोत्र ओळखणारे फर्डिनांड कोन

तळ्यावर तवंग आणणारे ‘नील-हरित शैवाल’ मुळात शैवाल नाहीच, ते जीवाणू आहेत. आज हे जनुकांच्या क्रमवारीवरून सांगता येते. फर्डिनांड कोन यांनी मात्र ते नाते दीडशे वर्षांपूर्वी केवळ सूक्ष्मदर्शकातून ओळखले.

कोन यांचा जन्म २४ जानेवारी १८२८ रोजी प्रशियातील ब्रेस्लाउ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. (हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ म्हणून ओळखले जाते.) लहानपणीच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. हुशारी असूनही ज्यू असल्यामुळे गावच्या विद्यापीठाने पदवी नाकारली. ती त्यांनी बर्लिनला जाऊन १८४७ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी मिळवली. पुढे वडिलांनी एक महागडा सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. मुलावर केलेला इतका फलदायी खर्च विज्ञानाच्या इतिहासात विरळाच!

त्या काळी जीवाणूंबाबत मोठा गोंधळ होता. एकच जीवाणू आज गोल तर उद्या दांडीसारखा होतो, असे मानणारे दिग्गज होते. तसे असते, तर अमुक रोगाचा अमुक जंतू हे कधी सिद्धच झाले नसते. कोन यांनी १८७२ मध्ये गोल, आखूड दांडीसारखे, लांब धाग्यासारखे आणि मळसूत्री असे चार गट पाडले आणि जीवाणूंच्या जाती स्थिर असतात, असे ठामपणे मांडले.

१८७५ मध्ये त्यांनी नील-हरित शैवालांनाही जीवाणूंच्याच पंक्तीला बसवले. दोघांतही केंद्रक दिसत नाही आणि दोघेही दुभंगूनच वाढतात, हा त्यांचा आधार. दोघांनाही त्यांनी वनस्पतीच मानले, पण नाते अचूक जुळवले.

एप्रिल १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख हा खेड्यातला अपरिचित डॉक्टर त्यांच्याकडे आला आणि काळपुळीच्या जंतूचे प्रयोग त्याने तिथेच करून दाखवले. कोन यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले. सुक्या गवताच्या काढ्यातील काही जीवाणू उकळल्यावरही टिकणारे बीजाणू तयार करतात, हा स्वतःचा शोधही त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. नुसत्या उकळण्याने उपकरणे पूर्ण निर्जंतुक होत नाहीत, ती याच बीजाणूंमुळे.

२५ जून १८९८ रोजी कोन यांचे निधन झाले. १९७० च्या दशकात कार्ल वूस आदींनी रायबोसोममधील आरएनएची अक्षरे ताडून पाहायला सुरुवात केली, तेव्हा सायनोबॅक्टेरिया खरोखरच जीवाणूंच्या वंशवृक्षावर सापडले. त्याच फांदीवर वनस्पतींचे हरितलवकही निघाले! आता जवळच्या जाती वेगळ्या करण्यासाठी अक्षरांबरोबरच आरएनएला पडणाऱ्या घड्याही तपासतात.

आकारावर विसंबण्याची मर्यादाही त्यातून उघड झाली. औषधाच्या दुकानात ‘स्पिरुलिना’ नावाने मिळणारी हिरवी भुकटी ज्या मळसूत्री जीवाणूंची असते, ते खऱ्या स्पिरुलिना प्रजातीचे जवळचे नातलगही नाहीत. त्यांना आधी आर्थ्रोस्पिरा म्हणत, २०१९ पासून लिम्नोस्पिरा म्हणतात. डबीवर मात्र जुनेच नाव आहे.